शिकारीपुरा रंगनाथ राव

शिकारीपुरा रंगनाथ राव (१ जुलै, १९२२ – ३ जानेवारी, २०१३) हे भारतीय पुरातत्त्वज्ञ होते. एस. आर. राव या नावाने ते अधिक परिचित आहेत. गुजरातमधील लोथल या सिंधू संस्कृतीच्या नगराचा शोध व उत्खनन आणि द्वारका परिसरातील समुद्रतळाचे संशोधन ही त्यांची दोन प्रमुख कामे होत. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणातून निवृत्त झाल्यानंतर गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत त्यांनी सागरी पुरातत्त्वाचे केंद्र उभे केले. प्रतिध्वनीच्या साहाय्याने समुद्रतळ तपासणारी यंत्रे आणि प्रशिक्षित पाणबुडे यांचा पुरातत्त्वीय संशोधनासाठी पद्धतशीर उपयोग भारतात याच केंद्रातून सुरू झाला. त्यामुळे राव यांना भारतीय सागरी पुरातत्त्वाचे जनक म्हटले जाते. त्यांनी शोधलेल्या अवशेषांचे महत्त्व सर्वमान्य आहे. त्या अवशेषांचा त्यांनी ठरवलेला काळ आणि लावलेला अर्थ मात्र बऱ्याच ठिकाणी वादग्रस्त राहिला.

प्रारंभीची वर्षे

राव यांचे शिक्षण मैसूर विद्यापीठात झाले. मातृभाषा कन्नड असली तरी त्यांची कारकीर्द प्रामुख्याने गुजरातमध्ये घडली. बडोदा संस्थानच्या पुरातत्त्व खात्यात काही काळ काम केल्यानंतर ते भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणात आले. तो फाळणीनंतरचा काळ होता. मोहेंजोदडो व हडप्पा ही सिंधू संस्कृतीची दोन्ही प्रमुख स्थळे पाकिस्तानात गेली होती आणि या संस्कृतीचा विस्तार भारताच्या हद्दीत किती होता, हा प्रश्न सर्वेक्षणापुढे उभा होता. राजस्थानातील घग्गरच्या कोरड्या पात्रात जसा शोध सुरू झाला, तसाच तो सौराष्ट्र व दक्षिण गुजरातमध्येही सुरू झाला. गुजरातच्या शोधमोहिमांत राव यांचा वाटा मोठा होता. दक्षिण गुजरातमधील भगतराव हे स्थळ त्यांनी नोंदवले आणि सिंधू संस्कृतीची दक्षिण सीमा बरीच खाली आणली.

रंगपूर आणि प्रकाशा

सौराष्ट्रातील रंगपूर हे स्थळ राव यांच्या आधीही अनेकांनी उकरले होते. माधोसरूप वत्स, मुंबईचे समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये आणि मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी तेथे निरनिराळ्या वेळी काम केले. पण रंगपूर सिंधू संस्कृतीचे आहे की नाही, यावर एकमत झाले नव्हते. राव यांनी १९५३ ते १९५६ या काळात तेथे सविस्तर उत्खनन केले. नगरांचा ऱ्हास झाल्यावर सिंधू संस्कृती एकाएकी नाहीशी झाली नाही, तर तिचे रूप हळूहळू पालटत गेले, हे त्यांनी थरांच्या क्रमावरून दाखवले. या बदलाची खूण म्हणून त्यांनी एका विशिष्ट प्रकारच्या खापरांकडे लक्ष वेधले. ही भांडी तांबडी असून त्यांचा पृष्ठभाग घोटून चकचकीत केलेला असतो. रंगपूरच्या वरच्या थरांत ती प्रथम थोडी आणि नंतर मुबलक आढळतात. पुरातत्त्वीय लेखनात त्यांना चकाकीदार तांबडी मृद्भांडी असे म्हणतात.

याच सुमारास खानदेशातील प्रकाशा येथे उत्खनन सुरू होते. प्रकाशा हे तापी व गोमाई यांच्या संगमावरील गाव आज नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यात आहे आणि दक्षिण काशी म्हणून भाविकांना ठाऊक आहे. तेव्हा ते मुंबई राज्यातील पश्चिम खानदेश जिल्ह्यात मोडत असे. संगमाजवळच्या पांढरीच्या टेकाडाचे उत्खनन बाळकृष्ण थापर यांनी १९५४-५५ मध्ये केले आणि तेथील वस्तीचे चार कालखंड निश्चित केले. सर्वांत जुना कालखंड ताम्रपाषाणयुगाचा आहे. त्याच्या खालच्या भागात माळवा पद्धतीची भांडी मिळाली. वरच्या भागात तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील जोर्वे या गावावरून नाव पडलेली जोर्वे भांडी मिळाली आणि त्यांच्याबरोबर सौराष्ट्रातील त्या चकाकीदार तांबड्या भांड्यांचे तुकडेही मिळाले.

हे तुकडे संख्येने थोडे असले तरी त्यांचे महत्त्व मोठे होते. रंगपूर आणि प्रकाशा या दोन ठिकाणांचे कालक्रम स्वतंत्रपणे ठरत होते. एकाच प्रकारचे खापर दोन्हीकडे निघाल्याने ते एकमेकांशी जुळवता आले, आणि तापीच्या खोऱ्यातील शेतकरी वस्त्यांचा पश्चिम समुद्राकडील प्रदेशाशी संपर्क होता हेही दिसले. पुढे कार्बन-१४ पद्धतीने ठिकठिकाणच्या तारखा मिळू लागल्या, तेव्हा या भांड्यांचा काळ राव यांनी प्रथम मानला होता त्याहून मागे सरकला. खापर हे पुरातत्त्वज्ञाचे घड्याळ असले तरी ते अधूनमधून लावून घ्यावे लागते. पुढे द्वारकेच्या समुद्रात राव यांनी काळ ठरवण्यासाठी ज्या पुराव्यांचा आधार घेतला, त्यांत हीच तांबडी खापरे होती. म्हणून हा तपशील त्यांच्या चरित्रात महत्त्वाचा ठरतो.

लोथल

अहमदाबाद जिल्ह्यातील सरगवाला गावाजवळचे लोथल हे टेकाड राव यांनी १९५४ मध्ये शोधले. १९५५ पासून पुढे काही वर्षे तेथे त्यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन चालले. आखीव रस्ते, सांडपाण्याची गटारे, मणी बनवण्याचे कारखाने, वखारीचे जोते, मुद्रांचे ठसे असे सिंधू नगराचे सर्व विशेष तेथे आढळले. इराणच्या आखातात प्रचलित असलेल्या प्रकारची एक गोल मुद्राही तेथे सापडली. समुद्रमार्गे दूरच्या प्रदेशांशी चालणाऱ्या व्यापाराचा तो बोलका पुरावा होता.

सर्वाधिक चर्चा झाली ती नगराच्या पूर्वेकडील भाजक्या विटांच्या विस्तीर्ण आयताकृती बांधकामाची. सुमारे २१४ मीटर लांब आणि ३६ मीटर रुंद असा हा हौद म्हणजे जहाजांची गोदी होय, असे राव यांनी प्रतिपादन केले. भरतीच्या पाण्याबरोबर जहाजे आत येत, जादा पाणी सांडव्यातून बाहेर जाई आणि ओहोटीतही जहाजे तरंगत राहत, अशी त्यांची मांडणी होती. हौदात मिळालेले भोके पाडलेले दगड त्यांनी जहाजांचे नांगर मानले. लॉरेन्स लेश्निक यांनी १९६८ मध्ये या मताला आव्हान दिले. प्रवेशमार्ग अरुंद व अडचणीचा आहे आणि हा हौद गोड्या पाण्याचा, सिंचनासाठी बांधलेला तलाव असावा, असे त्यांचे म्हणणे होते. इतरही काही अभ्यासकांनी शंका घेतल्या.

या वादात निर्णायक ठरू शकेल असा पुरावा पुढे गोव्यातून आला. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील राजीव निगम यांनी हौदातील गाळाचे नमुने तपासले आणि त्यांत खाऱ्या पाण्यात राहणाऱ्या सूक्ष्म जीवांची कवचे आढळल्याचे १९८८ मध्ये प्रसिद्ध केले. समुद्राचे पाणी त्या हौदात येत होते, एवढे त्यावरून दिसते. साबरमतीचे जुने पात्र लोथलजवळून वाहत होते, असे उपग्रहचित्रांच्या अलीकडील अभ्यासातूनही पुढे आले आहे. गोदीसंबंधीचे मत त्यामुळे बळकट झाले; वाद पूर्णपणे मिटला असे नाही.

द्वारका : जमिनीवरचा शोध

द्वारकेतील पुरातत्त्वीय संशोधनाचा आरंभ पुण्यातून झाला. डेक्कन कॉलेजच्या वतीने, ह. धी. सांकलिया यांच्या मार्गदर्शनाखाली झै. दा. अन्सारी आणि म. श्री. माटे यांनी १९६३ मध्ये द्वारकाधीश मंदिराच्या परिसरात उत्खनन केले. आजच्या गावाखाली एकावर एक अशा जुन्या वस्त्या आहेत, हे त्यातून सिद्ध झाले. परंतु सर्वांत खालचा थरही इसवी सनाच्या आरंभाच्या आसपासचाच निघाला. महाभारताशी जोडता येईल इतके प्राचीन काही मिळाले नाही.

मंदिरासमोरची एक नवी इमारत पाडली गेल्यावर १९७९-८० मध्ये राव यांना तेथे खोदण्याची संधी मिळाली. प्रथम नवव्या शतकाच्या सुमाराचे विष्णुमंदिर उघडे झाले. त्याच्याखाली आणखी जुन्या मंदिरांचे अवशेष निघाले. अधिक खोल गेल्यावर समुद्राच्या पाण्याने नष्ट झालेल्या वस्तीच्या खुणा व चकाकीदार तांबडी खापरे आढळल्याचे राव यांनी नोंदवले. वस्ती समुद्राने गिळली असेल, तर तिचा उरलेला भाग समुद्रातच शोधला पाहिजे, हा निष्कर्ष ओघानेच आला. १९८० मध्ये राव सेवानिवृत्त झाले. त्यांच्या कारकिर्दीचा दुसरा भाग तेथून सुरू होतो.

गोव्यातील केंद्र

दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत १९८१ मध्ये सागरी पुरातत्त्वाचे काम सुरू झाले आणि त्याचे नेतृत्व राव यांच्याकडे आले. संस्थेकडे जहाजे होती, समुद्रतळाचे नकाशे करणारे भूभौतिकशास्त्रज्ञ होते, पाणबुडे होते. पुरातत्त्वज्ञ मात्र नव्हते. पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे पुरातत्त्वज्ञ होते, पण त्यांना पाण्यात उतरता येत नव्हते. ही अडचण तांत्रिक वाटली तरी मुळात ती पद्धतीची होती. व्यवसायाने पाणबुड्या असलेला माणूस तळावरचा दगड पाहून येतो आणि दगड दिसला असे सांगतो. तो दगड घडवलेला आहे काय, त्याला सांधा आहे काय, तो शेजारच्या दगडाच्या रांगेत आहे की लाटांनी तेथे आणून टाकला आहे, हे त्याच जागी पाहावे लागते. यामुळे तरुण पुरातत्त्वज्ञांना हवेच्या टाक्या पाठीवर घेऊन बुडी मारण्याचे शिक्षण देण्यात आले. पाण्याखाली मोजमापे घेणे, रेखाटन करणे, छायाचित्रे काढणे आणि गाळ उपसणे ही कामे ते स्वतः करू लागले. या पिढीतील संशोधकांनीच पुढे राव यांच्या निष्कर्षांची फेरतपासणी केली.

जामनगर येथे १९८७ मध्ये हिंदी महासागरातील देशांच्या सागरी पुरातत्त्वावर परिषद भरली. तिच्या आयोजनात आणि पुढील वर्षी निघालेल्या निबंधसंग्रहाच्या संपादनात राव अग्रभागी होते. सागरी पुरातत्त्वाची एक संस्था आणि तिचे नियतकालिकही याच काळात सुरू झाले.

शोधाची साधने

समुद्रात प्रकाश फार दूर जात नाही. गढूळ किनारपट्टीवर तर पाणबुड्याला स्वतःचा पसरलेला हातही कित्येकदा दिसत नाही. ध्वनी मात्र खाऱ्या पाण्यात सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर, म्हणजे हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने जातो. ध्वनीचा स्पंद सोडायचा, तो तळावर किंवा वस्तूवर आपटून परत येण्यास लागलेला वेळ मोजायचा आणि त्यावरून अंतर काढायचे, हे या सर्व यंत्रांचे तत्त्व आहे. प्रतिध्वनी एक दशांश सेकंदाने परतला तर वस्तू ७५ मीटरवर आहे. या पद्धतीला सोनार म्हणतात. हे नाव तिच्या इंग्रजी वर्णनातील आद्याक्षरांवरून बनले असून सोन्याचे दागिने घडवणाऱ्या सोनाराशी त्याचा संबंध नाही.

द्वारका व अन्य ठिकाणच्या मोहिमांत या तत्त्वावरील निरनिराळी साधने वापरली गेली. जहाजाच्या तळाशी बसवलेले खोलीमापक सरळ खालची खोली सांगते. साइड स्कॅन सोनार हे यंत्र जहाजामागून दोराने ओढतात. ते दोन्ही बाजूंना तिरपे ध्वनिस्पंद सोडते आणि तळाचे चित्र कागदावर उमटवते. उठून दिसणाऱ्या वस्तूमागे ध्वनीची सावली पडते; तिच्या लांबीवरून वस्तूची उंची काढता येते. तिसरे यंत्र कमी वारंवारतेचा ध्वनी सोडून गाळाच्या खालचे थर दाखवते. लोखंडी तोफा किंवा नांगर हुडकण्यासाठी चुंबकत्वमापक उपयोगी पडतो. गाळ हलवण्यासाठी दाबाखालील हवेच्या जोरावर चालणारी उपसनळी वापरली जाते.

पाणबुड्याने हातात धरायची सोनार यंत्रेही विसाव्या शतकाच्या मध्यापासून अस्तित्वात आहेत. अमेरिकेच्या नौदलात पाणसुरुंग व हरवलेली शस्त्रे शोधण्यासाठी ती वापरात आली. त्यांतील प्रसिद्ध यंत्र वारंवारता सतत बदलणारा ध्वनी सोडत असे. परतलेला प्रतिध्वनी पाणबुड्याच्या कानाला स्वराच्या रूपात ऐकू येई : वस्तू दूर असेल तर स्वर उंच, आणि जवळ जाऊ तसा स्वर खाली येत जाई. यंत्र हळूहळू एका बाजूकडून दुसरीकडे फिरवायचे, स्वर कोठे घुमतो ते ऐकायचे आणि त्या दिशेने पोहत जायचे, अशी ती रीत होती. खडक, गंजलेली पत्र्याची टाकी आणि रिकामी वाळू यांचे स्वर वेगवेगळे असतात. ते ओळखण्यासाठी कान तयार व्हावा लागे. पुढे विजेरीच्या आकाराची, थेट अंतराचा आकडा दाखवणारी छोटी यंत्रे हौशी पाणबुड्यांनाही मिळू लागली. या यंत्रांचे काम मर्यादित आहे. मोठ्या सोनारने जागा हेरल्यावर शेवटच्या काही मीटरमध्ये पाणबुड्याला वस्तूपर्यंत नेणे, एवढेच ते करतात.

यांपैकी कोणतेही यंत्र वस्तूचे वय सांगत नाही. ध्वनी आकार दाखवतो. तो आकार कोणी घडवला की निसर्गाने, आणि घडवला असेल तर केव्हा, हे प्रश्न तसेच राहतात. जमिनीवरच्या उत्खननात थरांचा आधार असतो. ज्या थरात भिंत, त्याच थरातले खापर तिचा काळ सांगते. समुद्रतळावर लाटा व प्रवाह गाळ सतत हलवत असतात. शंभर वर्षांपूर्वीचे आणि तीन हजार वर्षांपूर्वीचे खापर एकाच दगडाशेजारी पडलेले असू शकते. राव यांच्या उत्तरायुष्यातील बहुतेक वादांचे मूळ येथे आहे.

समुद्रातील द्वारका

द्वारकेला गोमती नदी समुद्राला मिळते तेथे समुद्रनारायणाचे मंदिर आहे. त्याच्या समोरच्या समुद्रात १९८३ पासून मोहिमा सुरू झाल्या व पुढे सुमारे दशकभर चालल्या. पावसाळ्यात आणि त्याच्या आगेमागे येथे बुडी मारणे अशक्य असते. हिवाळ्यातील थोडे महिने मिळतात, आणि तेव्हाही लाटांचे हेलकावे व तळावरची दाट वनस्पती काम कठीण करतात. दगडावरचे शेवाळ खरवडून काढल्याखेरीज तो घडीव आहे की नाही हे कळत नाही.

तीन ते दहा मीटर खोलीपर्यंत घडीव दगडांचे ढीग, अर्धगोलाकार बुरुजांसारखी बांधकामे, एकमेकांत बसण्यासाठी खाचा व सांधे केलेले चिरे आणि मोठ्या संख्येने दगडी नांगर आढळले. नांगरांत तीन भोकांचे त्रिकोणी, चौकोनी लांबट आणि कड्याच्या आकाराचे असे प्रकार आहेत. ओखा बंदरासमोरच्या बेट द्वारका येथेही शोध घेण्यात आला. तेथे किनाऱ्यालगत भिंतींचे अवशेष, उत्तर सिंधू काळातील मृद्भांडी, कोरीव लेख असलेले खापर आणि शंखाची एक लहान मुद्रा मिळाली. बैल, एकशिंगी प्राणी व बोकड या तीन प्राण्यांची मुंडकी एका धडाला जोडलेली आकृती तिच्यावर आहे. तेथील एका मृद्भांड्याचे वय उष्मादीप्ती पद्धतीने सुमारे साडेतीन हजार वर्षे आले.

या सर्वांवरून राव यांनी असा निष्कर्ष काढला की, इ. स. पूर्व पंधराव्या शतकाच्या सुमारास येथे तटबंदीयुक्त बंदरनगर होते, समुद्राची पातळी वाढल्याने ते बुडाले आणि तेच महाभारत व हरिवंशातील द्वारका होय. समुद्रावर भराव घालून वसवलेल्या नगराचे आणि ते समुद्रात बुडाल्याचे पुराणातील वर्णन अवशेषांशी जुळते, असे त्यांचे मत होते. लेख असलेल्या खापराचे वाचनही त्यांनी याच पुष्ट्यर्थ दिले. वृत्तपत्रांतून या शोधाला अफाट प्रसिद्धी मिळाली. बुडालेले नगर पाहता यावे म्हणून द्वारकेच्या समुद्रात पाण्याखालील संग्रहालय उभारण्याची योजनाही त्यांनी मांडली. ती प्रत्यक्षात आली नाही.

कालनिश्चितीचा वाद

राव यांच्या मांडणीवर दोन्ही बाजूंनी आक्षेप आले. परंपरेने कलियुगाचा आरंभ इ. स. पूर्व ३१०२ मध्ये मानणाऱ्यांना त्यांनी दिलेला काळ फारच अलीकडचा वाटला. पुरातत्त्वज्ञांचा आक्षेप अधिक मूलभूत होता. बेट द्वारकेत मिळालेल्या पुराव्यावरून तेथील वस्तीचा काळ ठरवता येतो. पण तोच काळ तीसेक किलोमीटरवरील द्वारकेच्या समुद्रातील चिऱ्यांना लावण्यास काय आधार, असा तो होता. चिऱ्यांच्या जवळ त्या काळाची, जागची न हललेली अशी खापरे मिळाली नव्हती. त्रिकोणी नांगर हा पुरावा मानला, तर तशाच घडणीचे नांगर भारताच्या किनाऱ्यावर मध्ययुगापर्यंत आणि त्यानंतरही वापरात होते.

राव यांच्यानंतर त्याच केंद्रातील अ. सि. गौर, सुंदरेश, शिला त्रिपाठी आदी संशोधकांनी द्वारकेचा समुद्रतळ पुन्हा तपासला. त्यांच्या मते समुद्रातील दगडी बांधकामे ऐतिहासिक काळातील, मुख्यतः मध्ययुगापर्यंत गजबजलेल्या बंदराच्या धक्क्यांची आहेत. बेट द्वारकेतील उत्तर सिंधू काळातील वस्ती मात्र त्यांच्या कामातूनही पक्की झाली. थोडक्यात, त्या परिसरात साडेतीन हजार वर्षांपूर्वी समुद्राशी संबंधित लोक राहत होते हे राव यांचे म्हणणे टिकले. पाण्याखालचे चिरे त्यांच्या नगराचे आहेत हे म्हणणे सिद्ध झाले नाही. लोकप्रिय लेखनात या दोन गोष्टींची सरमिसळ अजूनही होते.

तमिळनाडूतील पूम्पुहार येथील शोधातही हाच प्रश्न उभा राहिला. मार्च १९९१ मध्ये किनाऱ्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर, २३ मीटर खोलीवर साइड स्कॅन सोनारने घोड्याच्या नालेच्या आकाराची वस्तू टिपली. पाणबुड्यांनी खाली जाऊन ती पाहिली व मोजली. १९९३ मध्ये तिची पुन्हा पाहणी झाली. ती मानवनिर्मित असेल तर समुद्रपातळीच्या हिशेबाने तिचा काळ अतिशय मागे जाईल, आणि नैसर्गिक असेल तर ती केवळ खडकाची एक रचना ठरेल. हा निकाल सोनार देऊ शकत नाही. २००१ मध्ये दुसऱ्या एका संस्थेने खंबातच्या आखातातील सोनारचित्रांवरून बुडालेल्या नगराची घोषणा केली, तेव्हा अभ्यासकांनी घेतलेले आक्षेप याच स्वरूपाचे होते.

गोवा व कोकण

पुराणकथांचा संबंध नसलेल्या ठिकाणी केंद्राचे काम अधिक निर्विवाद ठरले. मुरगाव बंदराच्या तोंडाशी असलेल्या सुंची खडकाजवळ बुडालेल्या जहाजाचे अवशेष तपासण्यात आले. तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, चिनी मातीची भांडी व मार्तबान पद्धतीचे रांजण यांवरून ते सतराव्या शतकाच्या आरंभीचे पोर्तुगीज व्यापारी जहाज असल्याचे ठरले. येथे कालनिर्णय सोपा होता, कारण जहाजातील सर्व माल एकाच दिवशी बुडालेला असतो.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील विजयदुर्ग किल्ल्यासमोर समुद्रात बुडालेली भिंत असून तिच्यावर आदळून शत्रूची जहाजे फुटत, अशी दंतकथा कोकणात सांगितली जाते. केंद्राच्या संशोधकांनी नौदलाच्या सहकार्याने तेथे सोनारने पाहणी केली व पाणबुडे उतरवले. आठ ते दहा मीटर खोलीवर सव्वाशे मीटरच्या आसपास लांबीची दगडी भिंत खरोखरच आढळली. हे काम राव यांच्या सक्रिय काळानंतर पूर्ण झाले असले तरी त्याची पद्धत त्यांनीच घालून दिलेली होती. मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीही पाहणी झाली.

सिंधू लिपी

सिंधू लिपीचे वाचन केल्याचा दावा राव यांनी १९८२ मधील ग्रंथात केला. मुद्रांवरील अनेक चिन्हे ही मूळ चिन्हांना रेघा व खुणा जोडून झालेली आहेत, मूळ चिन्हे थोडी असून त्यांची तुलना पश्चिम आशियातील प्राचीन सेमिटिक अक्षरांशी करता येते आणि त्या लेखांची भाषा संस्कृतच्या जवळची आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. अस्को पारपोला, इरावतम् महादेवन यांच्यासारख्या या विषयातील अभ्यासकांनी ते स्वीकारले नाही. लिपी अद्याप न वाचलेलीच मानली जाते.

ग्रंथ, सन्मान व मृत्यू

रंगपूरचा अहवाल पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नियतकालिकात १९६२-६३ च्या अंकात आला. लोथल व सिंधू संस्कृतीवरील त्यांचा ग्रंथ १९७३ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाला. सिंधू संस्कृतीचा उदय व परिवर्तन हा त्यांच्या १९९१ मधील ग्रंथाचा विषय होता. द्वारकेवरील ग्रंथ १९९९ मध्ये आणि भारतातील सागरी पुरातत्त्वाचा आढावा २००१ मध्ये निघाला. हे सर्व लेखन इंग्रजीत आहे. त्यांना जवाहरलाल नेहरू पाठ्यवृत्ती, मैसूर विद्यापीठाची डी. लिट. आणि सागरी पुरातत्त्वातील कार्याबद्दल वर्ल्ड शिप ट्रस्टचा पुरस्कार मिळाला.

३ जानेवारी, २०१३ रोजी बंगळूर येथे वयाच्या ९१ व्या वर्षी राव यांचे निधन झाले. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या पाण्याखालील शाखेने २००७ मध्ये द्वारकेत काम केले होते. २०२५ मध्ये या शाखेचे पाणबुडे पुरातत्त्वज्ञ गोमतीच्या मुखाजवळ पुन्हा पाण्यात उतरले.